सांभाळायला लेकरू घ्यायचंय? विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमरावती, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यातल्या गावांतून फॉस्टर केअरबद्दल पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एका जागी ठेवले आहेत. बरेचसे फोन "बाळ भेटते का?" इथून सुरू होतात आणि तिथेच संपतात. त्यांचं उत्तर प्रश्न ३ मध्ये आहे. ज्यांना त्यानंतरही पुढे वाचावंसं वाटेल, त्यांच्यासाठी बाकीचं पान. एका उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तोही वाचा. तीच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही.

१. फॉस्टर केअर म्हणजे काय? दत्तकच ना?

नाही. दत्तक घेतलं की मूल कायमचं तुमचं होतं, आडनावापासून वारशापर्यंत. फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी कागदांतल्या प्रतिपालकत्वात, मूल तुमच्या घरी राहतं, तुमच्यासोबत जेवतं, तुमच्या गावच्या शाळेत जातं. पण त्याच्याबद्दलचे मोठे निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये याची तरतूद आहे. एक वर्षापर्यंत ठेवलं तर ते अल्प मुदतीचं आणि त्यापुढे दीर्घ मुदतीचं. मूल आणि घर यांचं जमतंय का हे पाहत ही मुदत मूल १८ वर्षांचं होईपर्यंत वाढवता येते. आईबापांची अडचण मिटली तर मूल त्यांच्याकडे परतही जातं. हे शेवटचं वाक्य लोक ऐकतात आणि विसरतात.

२. आमच्या गावात काही जणांना बालसंगोपनाचे पैसे मिळतात. तेच का हे?

ते वेगळं. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आता सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते आणि तिच्यात मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. गावात ज्यांना ते मिळतात, त्यांतली बहुतेक मुलं स्वतःच्या आईजवळ, नाहीतर आजीजवळ राहतात. बाप गेला, कर्ज राहिलं, आई मजुरीला जाते, अशी घरं आपल्या भागात प्रत्येक तालुक्यात आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्येही असंच प्रायोजकत्व आहे, महिना ४,००० रुपयांचं. त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावं लागतं. या दोन्हींत मूल आपल्याच माणसांत राहतं. फॉस्टर केअरमध्ये ते दुसऱ्या घरी जातं.

म्हणून कुणी म्हणालं की "शेजारची बाई एकटी आहे, तिची पोरगी आम्ही ठेवून घेतो", तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: आधी त्या बाईला ही योजना मिळवून द्या. नुसत्या पैशाच्या अडचणीपायी लेकरू आईपासून तोडू नये.

३. आमाले लहान बाळ पायजे. भेटन का?

नाही. २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फॉस्टर केअर ही सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. लहान बाळांसाठी दत्तकाचा रस्ता आहे आणि त्याची रांग वेगळी. इथे येणारी मुलं बहुधा बालगृहातली असतात. कुणाला आईबाप नाहीत, कुणाचे आहेत पण सांभाळू शकत नाहीत, कुणी दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले, कुणी तुरुंगात. काहींच्या आईबापांना समितीने पालक म्हणून अयोग्य ठरवलेलं असतं. आठ-दहा वर्षांचं मूल आपली सगळी आठवण सोबत घेऊन येतं. पोटी मूल नाही म्हणून ती जागा भरायला हा मार्ग धरला, तर त्रास तुम्हालाही होईल आणि मुलालाही.

४. आम्ही पात्र आहोत का?

जोडपं असेल तर किमान दोन वर्षांचा स्थिर संसार आणि दोघांच्या वयाची बेरीज किमान ७०. एकटी व्यक्ती असेल तर वय किमान ३५. सहा ते बारा वर्षांच्या मुलासाठी ५५ पर्यंत, त्यापुढच्या मुलासाठी ६० पर्यंत. विधवा, घटस्फोटित, अविवाहित, सगळ्यांना अर्ज करता येतो. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी कुणीही मिळू शकतं. एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. भारतीय नागरिकत्व हवं, घरातल्या सगळ्यांची तब्येत बरी हवी, पोलिसांकडे गुन्ह्याची नोंद नको.

उत्पन्नाचा ठरलेला आकडा नाही. मुलाच्या गरजा भागतील एवढं असावं. सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आहे म्हणून अर्ज बाद होईल, ही भीती अनेकांना असते. वऱ्हाडात बिनकर्जाचा कास्तकार शोधायचा म्हटलं तर फार घरं सापडायची नाहीत. बघतात ते हे की कर्ज आटोक्यात आहे का, आणि मुलाच्या नावाने येणारे पैसे त्यात जाणार नाहीत ना.

५. घर दोन खोल्यांचं, वर टिना. चालेल का?

चालेल. पक्कं घर ही अट नाही. पुरेशी जागा, प्यायचं पाणी, संडास, झोपायची सोय हवी. स्वतंत्र खोली मागत नाहीत, पण वाढत्या मुलीला कपडे बदलायला आडोसा आहे का हे नक्की विचारतात. घरात अजून काय काय पाहतात ते प्रश्न ७ मध्ये.

६. अर्ज कुठे करायचा? कागद कोणते?

जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बाल विकास कार्यालयात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. तिथे संरक्षण अधिकारी (संस्थाबाह्य) हे पद असतं, त्यांनाच भेटा. नोंदणी आता दत्तकासाठीच्या 'केअरिंग्ज' पोर्टलवर ऑनलाइन होते. गावात नेटवर्कची बोंब असेल तर सेतू केंद्रात भरा, किंवा कक्षातच बसून भरून घ्या. आम्ही दुसरं सुचवतो, कारण चुकीची खूण केलेला एखादा चौकोन दुरुस्त करायला पुन्हा एसटीची फेरी पडते.

कागदांत आधार, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, लग्नाची नोंद, एकटे असाल तर त्याप्रमाणे पतीचा मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश, घरातल्यांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, पोलीस पडताळणी, कुटुंबाचा फोटो आणि तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांची नावं. अडतं ते लग्नाच्या नोंदणीवर. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मांडवात लग्न झालं, ग्रामपंचायतीत नोंदच नाही, असं गावोगाव आहे. ती आधी करून घ्या.

या कामासाठी कुणाला पैसे द्यायचे नसतात. "साहेबांशी ओळख आहे" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

७. घरी चौकशीला येतात तेव्हा काय बघतात?

गृह चौकशी अहवालासाठी येणारी व्यक्ती सोफ्याकडे बघत नाही. ती विचारते, हे मूल रात्री कुठे झोपेल आणि शेजारी कोण झोपेल. घरात कोण कोण राहतं, येऊन-जाऊन कोण असतं, सालदार वाड्यातच राहतो का. कोण पितं, किती, आणि पिऊन आल्यावर काय होतं. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे म्हणून तिथे हा प्रश्न वगळत नाहीत.

मग परसदार. विहिरीला कठडा आहे का. फवारणीची औषधं कुठे आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तरीही कीटकनाशकाची अर्धी बाटली संडासाच्या खिडकीत किंवा पलंगाखाली ठेवलेली अजून दिसते. आपल्या घरच्या पोराला ठाऊक असतं की त्याला हात लावायचा नाही. नवीन आलेल्या, मनातून मोडलेल्या मुलाचं तसं नसतं. कुलूप लागेल अशी पेटी करा, ती माणसाच्या उंचीवर बसवा, आणि रिकामे डबे पाण्याला वापरणं बंद करा. अधिकारी येणार म्हणून एका दिवसापुरतं उचलून ठेवण्यात अर्थ नाही, कारण मूल आल्यानंतरही दर महिन्याला पाहणी होते.

नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून बोलतात. "ही कल्पना कुणाची?" असं विचारतात. नवरा म्हणाला "तिची हौस आहे" आणि बायको म्हणाली "यांनीच ठरवलं", तर अहवाल तिथेच अडतो. दोघांचीही संमती लागते, आणि ती खरी लागते. शेजाऱ्यांकडेही चौकशी होते. गावात तुमचं कुणाशी धुऱ्याचं भांडण चालू असेल तर ते आपणहून सांगून टाका; त्या घरून काहीतरी ऐकायला मिळणारच आहे.

एक प्रश्न हमखास अवघड जातो: कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा सुटल्यावर मुलाजवळ घरी कोण असेल? "शेजारी लक्ष ठेवतात" हे उत्तर पुरत नाही. नाव सांगता आलं पाहिजे.

८. सासूबाई म्हणतात, कुणाचं रक्त माहीत नाही, घरात नको. काय करावं?

थांबा. आजी-आजोबा त्याच छताखाली राहत असतील तर मुलाचा दिवसातला जास्त वेळ त्यांच्यासमोर जाणार. तुम्ही वावरात गेल्यावर ते मूल रोज दोन टोमणे ऐकणार असेल, तर बालगृह बरं. सासूबाईंना कक्षातल्या समुपदेशकाशी बोलू द्या. त्यांच्या मनात बहुतेकदा दोनच भीती असतात, जमिनीत वाटा जाईल आणि लोक काय म्हणतील. पहिलीचं उत्तर प्रश्न १९ मध्ये आहे. दुसरीला वेळ लागतो.

९. आमची स्वतःची दोन मुलं आहेत. तरी मिळेल?

मिळेल. मुलं सांभाळण्याचा अनुभव निवडीत धरला जातो. पण आपल्या मुलांना आधी विचारा, आणि "तुला भाऊ येणार" असं सांगू नका. "एक मुलगा आपल्याकडे राहायला येईल, कदाचित काही महिने, कदाचित काही वर्षं" असं सांगा. सायकल कुणाची, मोबाइल कुणाच्या हातात आधी, यावरून कुरबुरी होतात. त्या होऊ द्या. आपल्याच मुलाला दरवेळी पडतं घ्यायला लावलं की तो राग नव्या मुलावर निघतो.

१०. जात सांगतात का? आम्हाला आमच्या जातीचं मिळेल का?

हा प्रश्न थेट विचारला जातो, म्हणून उत्तरही थेट. जात निवडायची म्हणून मूल मागायला येऊ नका. जुळवणी करताना मुलाची भाषा, धर्म, खाणंपिणं, आधीचं वातावरण पाहतात, ते मुलाला सोपं जावं म्हणून. मुलाची जात तुमच्याकडे आल्याने बदलत नाही. तुमच्या जातीचा दाखला त्याला मिळत नाही.

भाषेचा मुद्दा मात्र आपल्याकडे खरा आहे. मेळघाटातलं कोरकू मूल, गडचिरोलीकडचं गोंड किंवा माडिया मूल, यवतमाळकडचं कोलाम मूल वऱ्हाडी बोलणाऱ्या घरात आलं तर पहिले दिवस ते गप्प राहतं आणि लोक त्याला मंद समजतात. तहान, भूक, दुखतंय, भीती वाटते, घरी जायचंय, एवढे तरी शब्द त्याच्या भाषेतले शिकून घ्या. आणि त्याला घरात आपली भाषा बोलू नको असं कधीही सांगू नका. पुढे आईबापांना भेटायची वेळ आली तर त्याला तीच भाषा लागणार आहे.

११. सरकार महिन्याला किती देतं? वेळेवर येतात का?

मिशन वात्सल्यनुसार मुलामागे महिन्याला ४,००० रुपये, बँक खात्यात. पण रक्कम दर महिन्याच्या एक तारखेला येईल असं धरून घरखर्च आखू नका. निधी उशिरा येतो, दोन-तीन महिन्यांचा एकदम येतो, असं होतं. तेवढे महिने स्वतःच्या खिशातून काढता येत असेल तरच अर्ज करा. हे कडवट वाटेल, पण शाळेच्या बुटांसाठी "तुझे पैसे अजून आले नाहीत" हे वाक्य मुलाने ऐकलं की ते त्या घरात पाहुणाच राहतं.

१२. शाळेत प्रवेश, आधार, रेशनकार्ड यांचं काय?

शाळेसाठी वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे, आणि वयानुरूप वर्गात बसवायचं असतं. समितीचा आदेश मुख्याध्यापकांना दाखवा. शाळेच्या दाखल्यावर मुलाचं मूळ नाव आणि आडनावच राहू द्या. तुमचं आडनाव प्रेमापोटी लावाल आणि दहावीच्या अर्जाच्या वेळी दोन नावांचा घोळ निस्तरत बसाल. रेशनकार्डात नाव घालायला परस्पर तहसीलला जाऊ नका. आधी कक्षाकडून लेखी घ्या.

१३. मूल आल्यावर पहिले काही आठवडे कसे असतात?

पहिले काही दिवस फार छान जातात आणि त्यालाच लोक भुलतात. मूल सांगाल ते करतं, ताट घासतं, "जी काकू" म्हणतं. मग एक दिवस दप्तराच्या तळाशी वाळलेल्या पोळ्या सापडतात. गूळ, शेंगदाणे, बिस्किटाचे पुडे उशीच्या खोळीत लपवलेले असतात. ही चोरी नव्हे. संस्थेत किंवा त्याआधी उपाशी राहिलेल्या मुलाची ती उद्याची सोय असते. ओरडलात तर ते अजून चांगलं लपवायला शिकतं. एक डबा त्याच्या नावाने ठेवा, त्यात मुरमुरे, चणे, गूळ असू द्या, तो कधी रिकामा होऊ देऊ नका आणि त्याला तो विचारून उघडावा लागू नये. हळूहळू लपवणं कमी होतं.

दहा वर्षांचं मूल अंथरुण ओलं करतं. गोधडीखाली प्लॅस्टिक घाला आणि सकाळी गाजावाजा न करता धुऊन टाका; अंगणात शेजाऱ्यांसमोर वाळत घालताना त्यावर बोलू नका. काही मुलं अंधारात झोपत नाहीत, आणि आपल्याकडे लोडशेडिंग आहेच. बॅटरी त्याच्या हाताशी द्या.

"आई म्हण" असा आग्रह धरू नका. काकू, मावशी, मोठी आई, त्याला जे सुचेल ते चालेल. सणांना विशेष सांभाळा. तान्ह्या पोळ्याला घरोघर लाकडी बैल सजतात. आपल्या मुलाचा बैल आजोबांनी दिलेला आणि याच्यासाठी ऐनवेळी बाजारातून आणलेला, हे मुलांना लगेच दिसतं. बैल आधीच आणून ठेवा, सजवायला त्यालाच द्या. दिवाळीत, रक्षाबंधनाला मूल चिडचिड करतं, कारण तेव्हा त्याला त्याची माणसं आठवतात. कित्येकदा ते तुम्हालाच टाकून बोलतं. ते मनावर घेणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

१४. वावरात कामाला नेलं तर चालतं का? आमची पोरं पण जातात.

रविवारी सोबत वावरात गेलं, बोरं खाल्ली, न्याहारीचा डबा पोचवला, याला कुणी हरकत घेत नाही. पण वेचणीला लावणं, निंदण, फवारणीचं पाणी आणणं, ढोरांमागे पाठवून शाळा बुडवणं हे नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत करू देणारी सवलत बालकामगार कायद्यात आहे. पण तिथे कुटुंब म्हणून आई, बाप, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी मोजलेत. प्रतिपालकांचा त्यात उल्लेख नाही. त्यामुळे "आमची पोरं पण जातात" हा युक्तिवाद टिकत नाही.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे मूल नसतं तर हे काम मजुरीने करून घेतलं असतं का? हो, तर ते काम त्याला सांगू नका. गावातही लोक हेच बघतात. "पोट्टं कामाले आणलं" हे एकदा गावाने ठरवलं की मग ते पुसत नाही.

१५. शिस्तीसाठी एखादी चापट?

नाही. मुलाला क्रूरपणे वागवणं हा बाल न्याय अधिनियमात गुन्हा आहे, आणि ज्याने आधीच मार खाल्लाय त्याला चापटेतून शिस्त कळत नाही.

१६. त्याचा बाप दारू पिऊन गावात आला तर?

समितीने मुलाला आईबापांकडून काढलं असलं तरी ते ठरावीक काळाने मुलाला भेटू शकतात, समितीने मनाई केली नसेल तर. भेट कधी, कुठे, कुणासमोर हे समिती ठरवते. त्याबाहेर कुणी दारात आलं तर मुलाला आत पाठवा, दार लावा, भांडू नका, संरक्षण अधिकाऱ्यांना फोन करा. धिंगाणा वाढला तर ११२. पोलीस पाटलांना आधीच कल्पना देऊन ठेवलेली बरी.

पण मुलासमोर बापाला शिव्या घालू नका. तो बेवडा असेल, त्याने मारलं असेल, तरी मुलाच्या मनात "बाबा सुधारला की मला नेईल" हे असतं. ते तुम्हाला पुसता येणार नाही.

१७. मूल परत गेलं तर? आमचा जीव लागेल त्याचं काय?

बहुतेकांना खरं विचारायचं असतं ते हेच, पण विचारतात सगळ्यात शेवटी.

आईची क्षयाची औषधं पूर्ण झाली, बाप व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन वर्षभर कामावर टिकला, आजीला आधार मिळाला, तर समिती मूल परत पाठवते. योजना त्यासाठीच आहे. तुमचं घर त्याच्या घरापेक्षा चांगलं आहे, इथे कूलर आहे आणि तिथे कुडाच्या भिंती, हे कारण मूल ठेवून घ्यायला चालत नाही. आणि चालू नये. आमच्या मते अर्जाआधीची खरी तयारी हीच आहे. दोघांनी एकदा बसून एवढंच बोलावं, की दीड वर्षाने हे लेकरू गेलं तर आपण काय करू. हे बोलताच येत नसेल तर अर्ज थोडा पुढे ढकला.

जाण्याची तयारी मूल आल्यापासून करायची. त्याच्या घरच्यांचा फोटो असेल तर तो दिसेल असा ठेवू द्या. गावाचं नाव, नदीचं नाव, आजीचं नाव बोलण्यात येऊ द्या. एक वही करा: कधी आलं, कोणत्या वर्गात, कोणते दात पडले, लस कोणती, काय आवडतं, कशाला घाबरतं. परत जाताना ही वही त्याच्यासोबत द्या, कारण त्याच्या आईला हे दीड वर्ष माहीत नसतं. जायचं ठरलं की त्याला समितीच्या सांगण्याप्रमाणे आधी सांगा. ऐनवेळी "मामाकडे जाऊन येऊ" म्हणून गाडीत बसवू नका. तुम्ही रडलात तर रडा, पण "तू गेलास तर आमचं कसं होईल" असं त्याला म्हणू नका. मोठ्यांचं ओझं आहे ते.

गेल्यावर फोन करायचा का? समितीला विचारून, आणि मुलाच्या घरच्यांना चालत असेल तर. दर दोन दिवसांनी नको.

१८. दोन-तीन वर्षं सांभाळल्यावर तेच मूल दत्तक घेता येतं का?

कधी कधी. मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं झालेलं हवं, तुमच्याकडे किमान दोन वर्षं राहिलेलं हवं (आधी ही अट पाच वर्षांची होती), आणि मुलाची स्वतःची संमती हवी. ज्याचे आईबाप आहेत आणि ज्यांनी हक्क सोडलेला नाही, त्याला हे लागू होत नाही. फॉस्टर केअर म्हणजे दत्तकाची मागची रांग असं समजून आलेल्यांची निराशा होते.

१९. जमिनीत वाटा मागेल का?

नाही. फॉस्टर केअरमधल्या मुलाला प्रतिपालकांच्या मालमत्तेत वारसाहक्क नाही. तुम्हाला आपणहून काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करता येतं.

२०. माह्या ननदेचं पोट्टं चार वर्सापासून आमच्याच घरी हाये. त्याचे पैसे भेटते का?

नातलगाचं मूल नात्यात वाढणं ही आपल्याकडची जुनी रीत, आणि चांगली रीत. त्यासाठी फॉस्टर केअरच्या फॉर्मपेक्षा बालसंगोपन किंवा प्रायोजकत्व लागू पडण्याची शक्यता जास्त (प्रश्न २). कक्षात मुलासह जा, आईबापांचे मृत्यू दाखले किंवा परिस्थितीचे कागद न्या. कायमचं करायचं असेल तर नात्यातल्या दत्तकाची वेगळी प्रक्रिया आहे; त्यात काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा हे नातलग धरले जातात.

२१. बसस्टँडवर एक पोरगं सापडलं, आम्ही ठेवून घेतलं. किंवा: एका बाईने स्टॅम्प पेपरवर लिहून आमच्याकडे दिलं. आता?

आजच कळवा. सापडलेल्या मुलाची माहिती २४ तासांत १०९८ या बाल हेल्पलाइनवर, पोलिसांना, बाल संरक्षण कक्षाला किंवा बाल कल्याण समितीला द्यावी लागते. न कळवणं हाही गुन्हा आहे. नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरला याबाबत काडीची किंमत नाही. कायद्याची प्रक्रिया टाळून मूल दत्तक देणं-घेणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात; पैशाचा व्यवहार झाला असेल तर ती मुलाची विक्री ठरते आणि शिक्षा आणखी कडक.

"कळवलं तर नेतील ना?" हो, नेतील. चौकशी होईल, त्याच्या घरच्यांचा शोध लागेल. तुम्हाला मूल सांभाळायचं असेल तर त्यानंतर रीतसर अर्ज करता येतो, पण तेच मूल मिळेल असं नाही. मुलाला समितीसमोर न्यायला सरपंच, अंगणवाडी सेविका यांना सोबत न्या. गावची बाल संरक्षण समिती याच कामासाठी आहे.

२२. आम्ही दिवाळीनंतर चार-पाच महिने ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातो. मूल सोबत नेता येईल?

त्या काळात नाही, आणि अशा घराला दीर्घ मुदतीचं मूल मिळणं अवघड. मासिक पाहणी गावच्या पत्त्यावर होते, शाळाही तिथेच. घरातलं दुसरं कुणी कायम गावी राहत असेल आणि मूल त्यांच्याजवळ राहणार असेल तर ते अर्जातच सांगा. लग्नाला, जत्रेला दोन दिवस नेण्याचा प्रश्न नाही. जिल्ह्याबाहेर जास्त दिवस जायचं असेल तर आधी कक्षाला कळवा.

२३. दिव्यांग मूल घ्यायची तयारी आहे. वेगळं काही लागतं का?

लागतं ते उपचारांचं अंतर. फिजिओथेरपी, कानाचं यंत्र, फिट्सच्या गोळ्या यांसाठी जिल्हा रुग्णालय किती लांब आणि पाऊसकाळात नाल्याला पूर आल्यावर कसं जाणार, हे आधी ठरवा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे का ते मुलाच्या फाइलमध्ये पाहा.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचं काम अनेकांनी पाहिलं असेल. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना शंकरबाबा पापळकरांनी तिथे सांभाळलं, स्वतःचं नाव दिलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १८ वर्षांनंतर अशा मुलांनी जायचं कुठे, हा प्रश्न त्यांनी सतत लावून धरला. मतिमंद किंवा बहुविकलांग मूल घेताना तुम्हीही तोच प्रश्न समितीला विचारा, आणि ठरलेलं लेखी मागा.

२४. तो १८ वर्षांचा झाल्यावर?

फॉस्टर केअर आणि त्याचे पैसे थांबतात. पुढे अनुरक्षणाची, म्हणजे १८ नंतर स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंतच्या मदतीची, सोय आहे, साधारण २१ वर्षांपर्यंत, काही बाबतींत २३ पर्यंत. मिशन वात्सल्यमध्ये तिथेही महिना ४,००० रुपये. अनाथ असेल आणि नियमात बसत असेल तर अनाथ प्रमाणपत्र काढून घ्या, १८ व्हायच्या आतच. महाराष्ट्रात अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे. आणि १८ झाल्यावर त्याने तुमच्याकडे राहावं असं दोघांनाही वाटत असेल तर त्याला कुणी अडवत नाही.

२५. त्याचा वाढदिवस केला. स्टेटसला फोटो ठेवला तर?

ठेवू नका. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ चा भंग आहे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आमच्या घरी आलेलं अनाथ लेकरू" असा फोटो तर अजिबात नको, कुण्या पुढाऱ्याने साडी-दप्तर वाटताना काढलेला असला तरी. शाळेच्या वर्गफोटोत तो इतर मुलांसारखा उभा राहिला तर त्यात वावगं काही नाही.

२६. फार प्रयत्न केला, पण जमत नाही. परत देता येतं का?

येतं, आणि दडपून ठेवण्यापेक्षा वेळीच सांगणं बरं. आधी संरक्षण अधिकाऱ्यांना नेमकं काय होतंय ते सांगा. "ऐकत नाही" एवढं पुरत नाही. रात्री पळून जातो, लहान्याला मारतो, शाळेतून रोज तक्रार, असं तारखेनिशी सांगा. कित्येकदा समुपदेशन, शाळा बदलणं, किंवा पूर्वीचा एखादा आघात उघड होऊन त्यावर उपचार, यातून मार्ग निघतो. मुलावर पूर्वी लैंगिक अत्याचार झाल्याचं त्याच्या बोलण्यातून कळलं, तर ते घरात मिटवायचं नाही, पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे.

तरीही नाहीच जमलं तर समिती त्याला दुसऱ्या कुटुंबात किंवा बालगृहात हलवते. परस्पर संस्थेच्या फाटकाशी सोडून येणं किंवा दुसऱ्या नातलगाकडे पाठवणं मात्र चालणार नाही. प्रतिपालक म्हणून तुम्ही सही केलेल्या हमीपत्राचा तो भंग आहे. आदेश येईपर्यंत मूल तुमच्याच घरी असतं, तेव्हा त्या दिवसांत त्याचं ताट, त्याची जागा, त्याची शाळा तशीच चालू ठेवा. निघताना कपडे, पुस्तकं, सायकल, प्रश्न १७ मधली वही, सगळं त्याच्यासोबत द्या, आणि शाळेचा दाखला कक्षामार्फत जाऊ द्या.